तसबिरीतले देव आणि तुमचे प्रश्न

गिरगावात आमचं तसबिरी करून देण्याचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. मागच्या अंकात जुन्या चित्रांवर दोन पानं लिहिली आणि तेव्हापासून संपादकांकडे पत्रं येतायत. ‘या चित्राचे किती येतील?’ एवढंच विचारणारी पत्रं बाजूला ठेवली आहेत. ती पुष्कळ होती. उरलेल्यांतून ही काही.

प्रश्न : काका, माझ्या माहेरी चिपळूणला, सासरी सोलापूरला आणि जावेच्या माहेरी हुबळीला लक्ष्मीचा फोटो एकाच चेहऱ्याचा आहे. कमळावर उभी, मागे पाणी, शेजारी हत्ती. देवळांतल्या मूर्ती मात्र गावागणिक वेगळ्या. आमची कोल्हापूरची अंबाबाई तर त्या फोटोसारखी मुळीच दिसत नाही. मग फोटोतल्या लक्ष्मीचा चेहरा ठरवला कुणी? *– एक वाचक, सोलापूर*

उत्तर : ताई, एकच नाव घ्यायचं तर राजा रवी वर्मा. पण चेहरा त्यांनी काढला एवढंच. तो ठरवला पुढे बऱ्याच जणांनी मिळून, आणि त्यातल्या निम्म्यांना आपण काही ठरवतोय हे ठाऊकही नव्हतं.

रवी वर्मा केरळातल्या किळिमानूरचे, जन्म १८४८चा. राजेरजवाड्यांची तैलचित्रं काढायचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून पुराणातल्या प्रसंगांची चित्रं करून घेतली आणि ती बडोद्याला जाण्याआधी मुंबईत लोकांना बघायला ठेवली गेली. गर्दी झाली. पण तैलचित्र एकच असतं, आणि राजवाड्यात गेलं की तिथलंच होऊन जातं. बडोद्याचे माजी दिवाण सर टी. माधवराव यांनी १८८४ सालीच रवी वर्मांना सुचवलं होतं की तुमची चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या, मागणी फार आहे. रवी वर्मांनी त्याच्याही पुढची उडी मारली. १८९४ साली इथं मुंबईत, आमच्या गिरगावातच, स्वतःचा छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, कारागीरही जर्मन.

छपाई व्हायची दगडावर. गुळगुळीत घासलेल्या चुनखडीच्या लादीवर तेलकट शाईनं चित्र उलटं काढायचं. लादी ओली केली की छपाईची शाई फक्त त्या तेलकट रेघांवर धरते. प्रत्येक रंगाला वेगळी लादी, आणि एका चित्राला दहा-बारा लाद्या सहज लागत. गुलाबी लादीवर फक्त गाल, ओठ, कमळाच्या पाकळ्या. निळीवर पाणी आणि पदराच्या सावल्या. कागद प्रत्येक वेळी त्याच जागी बसला पाहिजे, केसभर सरकला की देवीला दोन ओठ. शेवटी वरून व्हार्निश, म्हणजे लांबून बघणाऱ्याला ते तैलचित्रच वाटावं. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका लक्ष्मीच्या कानाशी लाल रंग असाच बाहेर आलेला आहे. मालकीणबाई त्याला कुडीचा खडा समजत होत्या. मीही काही बोललो नाही.

मुंबईत प्लेग आला आणि छापखाना मळवलीला हलला, कार्ल्याच्या लेण्यांच्या पायथ्याशी. कर्ज वाढत गेलं. शेवटी विसाव्या शतकाच्या तोंडावर श्लायखर नावाच्या त्यांच्याच जर्मन तंत्रज्ञाला तो विकावा लागला, चित्रांच्या हक्कांसकट. चित्रकाराचा धंदा बुडाला आणि चित्रांनी बाळसं धरलं ते त्यानंतर. पोस्टकार्डावर, काड्यापेटीवर, कापडाच्या तागांवरच्या टिकिटांवर. दुसऱ्या छापखान्यांनी नकला केल्या, नकलांच्या नकला झाल्या. तुमच्या फोटोतल्या लक्ष्मीच्या हातातून सोन्याची नाणी पडतायत ना? रवी वर्मांच्या १८९६च्या लक्ष्मीच्या हातातून काहीच पडत नाही. नाणी नंतरच्यांनी घातली. गिऱ्हाइकाला काय हवं ते छापणाऱ्याला बरोबर कळतं.

पुणेकर रागावतील म्हणून सांगून टाकतो : रवी वर्मांच्या आधी, १८७८ साली, विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि मंडळींनी पुण्यात चित्रशाळा काढली होती. रामपंचायतन, नाना फडणवीस अशी रंगीत चित्रं तिथं छापली जात. कलकत्त्यातही छापखाना होता. म्हणजे देव छापायचं डोकं रवी वर्मांचंच होतं असं नाही. तरी भिंतीवर टिकली ती त्यांचीच लक्ष्मी. का, यावर विद्वानांनी पुष्कळ लिहिलंय. मी दुकानात बसून जे बघितलं ते सांगतो. ही देवी साडी नेसूनच घरात आली. मूर्तीला नेसवावं लागतं, तिचं सोवळं सांभाळावं लागतं, पुजारी मध्ये असतो. हिच्यासमोर कुणीही उभं राहावं, काचेवर हळद-कुंकवाचं बोट टेकवावं. आणि ज्यांना त्या काळी देवळाची पायरी चढू देत नव्हते त्यांच्या घरातही ती चार पैशांत गेली. तिथं तिचं दर्शन घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती. माझ्या मते सगळ्यांत मोठी गोष्ट ही झाली. बाकीचं सगळं यानंतर.

जाता जाता : दादासाहेब फाळके रवी वर्मांच्या या छापखान्यात काम करत होते. पुढे स्वतःचा छापखाना काढला आणि १९१३ साली, गिरगावातल्याच कोरोनेशन थिएटरात, आपला पहिला मूकपट दाखवला. पडद्यावरचे देव कसे दिसावेत हा प्रश्न त्यांना पडला असेल तर उत्तर हाताशी तयारच होतं.

प्रश्न : आजेसासूबाईंच्या वेळची सरस्वतीची तसबीर माळ्यावर सापडली. साडीच्या जागी खऱ्या कापडाचा तुकडा चिकटवलाय, काठाला जर, गळ्यात बारीक मणी आणि टिकल्या. यजमान म्हणतात कुणी तरी पोरखेळ करून चित्र खराब केलंय, ते सगळं काढून मूळ चित्र मोकळं करून घेऊ. *– एक वाचक, नाशिक*

उत्तर : वहिनी, यजमानांना सांगा, हात लावू नका. पोरखेळ नाही तो. घरोघरच्या बायकांनी दुपारच्या वेळी बसून केलेलं काम आहे. छापील चित्र आणायचं आणि देवीला आपल्या हातानं साडी नेसवायची, दागिने घालायचे, अशी चालच होती. छापखान्यातून एकासारख्या एक निघालेल्या सरस्वतींतली ही तेवढी तुमच्या घरची झाली. आज संग्राहक नुसत्या छापील चित्रापेक्षा अशी नटवलेलीच शोधतात.

पण तसबीर नीट करून घ्या. आधी मागची फळी बघा. जुन्या तसबिरींना देवदाराच्या खोक्यांच्या पट्ट्या मागे ठोकलेल्या असतात. त्या लाकडाचा आंबटपणा कागदात उतरतो आणि पाठीमागे तपकिरी पट्टे पडतात. फळी काढताना चुका, म्हणजे ते बारीक खिळे, ओढू नका, पक्कडीनं सरळ करून मागून बाहेर काढा. कागदाला कसर लागली असेल तर कडेला चाळणीसारखी भोकं दिसतील. पूर्वी चांगला कारागीर खळीत मोरचूद घालायचा, त्या तसबिरी अजून शाबूत आहेत. तुमची तशी असेल तर नशीब.

मग आम्लमुक्त बोर्डाचा माउंट, म्हणजे चित्र आणि काच यांच्या मधली पुठ्ठ्याची चौकट घ्या, आणि तो नेहमीपेक्षा जाड कापून घ्या. दोन बोर्ड एकावर एक चिकटवले तरी चालतील. काच टिकल्यांना टेकता कामा नये. टेकली की पावसाळ्यात घाम धरतो, जर काळी पडते, कापड काचेला चिकटतं. चित्राला उन्हाच्या भिंतीवर लावू नका आणि देव्हाऱ्यात समईच्या वर तर नकोच.

चित्र कुठल्या छापखान्याचं हे कळायचं असेल तर खालची पांढरी पट्टी बघा. आमच्याच धंद्यातल्या लोकांनी ती माउंटखाली दडपलेली असते किंवा सरळ कापलेली असते. तिथं ‘रवी वर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा’ असं इंग्रजीत बारीक छापलेलं सापडू शकेल. पट्टी नसेल तर भिंगातून गाल बघा. दगडावरच्या छपाईत ठिपके वाळूसारखे विस्कटलेले दिसतात. एकसारख्या ओळींत, फुलासारखे गोल बसलेले दिसले तर ती अलीकडची ऑफसेटची नक्कल. पण तशी असली तरी जर आणि टिकल्या आजेसासूबाईंच्याच आहेत.

प्रश्न : कॅलेंडरवरचे देव कोण काढायचं? आमच्या वाण्याकडून दर वर्षी फुकट मिळायचं ते. *– एक वाचक, वसई*

उत्तर : ‘फुकट’ हाच त्यातला मुख्य शब्द. विकत आणलेलं चित्र आवडलं पाहिजे, फुकट आलेलं नुसतं टांगलं की झालं. मग वर्षभर जेवताना, पोराला भरवताना तेच समोर. कापडगिरण्या, साबणवाले, ग्राइपवॉटरवाले, सगळ्यांनी हे फार लवकर ओळखलं. बाळकृष्णाचं चित्र, खाली औषधाचं नाव. आई बघते तरी कुणाला?

आपल्याकडे हे काम केलेल्यांत दोन नावं मोठी, आणि दोघंही गोव्याचे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर. दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा अंक काढला, त्यांची मुखपृष्ठं कापून लोक माझ्या वडिलांकडे फ्रेम करायला आणत. मुळगावकरांचा हात स्प्रेवर बसलेला. देवांच्या अंगावर जो लोण्यासारखा उजेड दिसतो, तो त्यांचा. तोच माणूस बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांची मुखपृष्ठंही करायचा. त्यामुळे आमच्या पिढीच्या डोक्यात अर्नाळकरांचा नायक झुंजार आणि श्रीकृष्ण या दोघांची जिवणी थोडी सारखी आहे. आर्ट स्कूलवाल्यांनी अशा कामाला ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून नाक मुरडलं. मुरडोत. त्यांची चित्रं किती स्वयंपाकघरांत आहेत ते विचारा.

छपाई पुढे बरीचशी तमिळनाडूत शिवकाशीला गेली. तिथं आधी काड्यापेट्या आल्या, काड्यापेट्यांना लेबलं लागतात म्हणून छापखाने आले, आणि छापखाने आल्यावर कॅलेंडरं. आणि एक आमच्या अभिमानाची गोष्ट : देवांच्या चित्रांमधलं ब्रिजबासी हे नाव तुम्ही वाचलं असेल. मथुरेकडच्या या भावांनी १९२०च्या दशकात कराचीत सुरुवात केली ती तसबिरी करण्याच्या दुकानानं. गिऱ्हाईक कुठलं चित्र घेऊन येतं ते रोज बघायला मिळालं, मग स्वतःच छापून घ्यायला लागले, तेही आधी जर्मनीतून.

महाराष्ट्रात या सगळ्याला धक्का दिला तो जयंतराव साळगावकरांच्या कालनिर्णयनं, १९७३ साली. तारखेच्या चौकोनात पंचांग, मागच्या पानावर वाचायला मजकूर. चित्र बघायचं नाही, तिथी बघायची, आणि दूधवाल्याचे खाडेही त्याच चौकोनात लिहायचे. लोक पैसे देऊन कॅलेंडर घ्यायला लागले. डिसेंबरात वाण्याची कॅलेंडरं फ्रेम करायला आणणारी माणसं आमच्याकडे हळूहळू कमी झाली, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जयंतरावांवर राग नाही. आमच्या दुकानातही भिंतीवर तेच आहे.

प्रश्न : माझ्या आजीला संतोषी माता माहीत नव्हती. आईनं मात्र वर्षानुवर्षं शुक्रवार केले. देवी अशी मध्येच कशी येते? *– एक वाचक, जळगाव*

उत्तर : मध्येच आली नाही. व्रत उत्तरेत आधीपासून होतं, कथेच्या पोथ्याही मिळत. १९७५ साली ‘जय संतोषी माँ’ हा सिनेमा आला, स्वस्तातला, मोठा नट नाही. त्याच वर्षी ‘शोले’ लागला होता, तरी हा ठाण मांडून बसला. बायका थिएटरबाहेर चपला काढून आत जात, पडद्यावर फुलं, पैसे टाकत. देवीचं काम केलेल्या अनिता गुहांकडे लोक आशीर्वादाला यायचे.

पण सिनेमे पुष्कळ आले आणि गेले. हे टिकलं कारण व्रत परवडणारं होतं. गूळ आणि चणे, शुक्रवारी आंबट खायचं नाही, भटजी लागत नाही, सोनं लागत नाही. चाळीतल्या एका खोलीत, नोकरी सांभाळून होण्यासारखं. भरीला ती पोस्टकार्डं आठवतात का? ‘ही हकीकत इतक्या जणांना लिहून पाठवा, न पाठवल्यास...’ आज मोबाइलवर येतात त्याची आजी ती. मी तेव्हा शाळेतून येऊन दुकानात काच पुसायला बसायचो. गुरुवारी संध्याकाळी रांग लागायची, सगळ्यांना उद्याच्या पूजेला तसबीर हवी. चित्र सगळ्यांचं एकच : कमळावर बसलेली, हातात त्रिशूळ आणि तलवार. वडील म्हणायचे, ‘कापून ठेव दहा-वीस त्या मापाच्या, नाव विचारायची गरज नाही.’

प्रश्न : सोसायटीच्या जिन्यात कोपऱ्याकोपऱ्यांत देवांच्या टाइल्स लावाव्यात का? थुंकणं थांबेल का? *– एका सोसायटीचे चिटणीस, डोंबिवली*

उत्तर : टाइलवर थांबेल. टाइलच्या खाली, डावीकडे, उजवीकडे चालू राहील. लावायच्याच असतील तर गणपती, साईबाबा, क्रूस, मक्का अशा सगळ्या लावा, तशी पद्धत आहे. मला विचाराल तर दिवा लावा. उजेडात लोक कमी थुंकतात, आणि देवाला पहारेकरी करायची वेळ येत नाही.

प्रश्न : माझ्या मुलानं गाडीच्या मागच्या काचेवर तो रागीट हनुमान लावलाय, भगवा-काळा, नुसता चेहरा. आता त्याला तोच फ्रेम करून देव्हाऱ्यात हवाय. सासूबाई म्हणतात आपला मारुती हात जोडलेला असतो, हा कुठला? घरात दोन तट पडलेत. *– एक वाचक, ठाणे*

उत्तर : हा २०१५चा. कासरगोडकडच्या करण आचार्य या तरुण चित्रकारानं गावातल्या पोरांच्या झेंड्यासाठी काढून दिला. तिथून मोबाइलवर, मोबाइलवरून बेंगळुरूच्या गाड्यांवर, आणि आता आपल्या रिक्षांवर. कारागीर म्हणून बघितलं तर त्याच्या यशात मला नवल वाटत नाही. दोनच रंग. व्हिनाइलवर यंत्रानं झटक्यात कापला जातो, काचेवर बसवायला पाच मिनिटं, खर्च चहा-वड्याएवढा, आणि सिग्नलला तीन गाड्या मागून ओळखू येतो. मुळगावकरांचा हनुमान गाडीवर लावून बघा, नुसता नारिंगी डाग दिसेल. ज्याला जिथं टांगायचं तसं त्याचं रूप होतं.

मला स्वतःला तो आवडत नाही. माझा मारुती वेगळा आहे आणि या वयात बदलायचा नाही. पण सासूबाईंना एक गोष्ट नम्रपणे सांगा. समर्थांनी चाफळला दोन मारुती बसवले. रामासमोर हात जोडून उभा तो दास मारुती, आणि देवळामागे प्रताप मारुती. जोडलेले हात आणि आवेश दोन्ही आपल्याकडे पहिल्यापासून आहेत, मागची-पुढची जागा तेवढी वेगळी. तुम्हीही तेच करा. देव्हाऱ्यात दास, गाडीवर प्रताप.

मुलगा ऐकेना तर त्याच्या खोलीसाठी फ्रेम करून द्या. स्टिकर काचेच्या आतून चिकटवू नका, पुढं काढता येत नाही. पांढऱ्या अॅक्रिलिकवर लावा आणि वर काच नको.

प्रश्न : जुन्या, फुटलेल्या तसबिरींचं काय करायचं? केराच्या डब्यात टाकवत नाही. *– बऱ्याच वाचकांचा प्रश्न*

उत्तर : म्हणून सगळे गुपचूप पिंपळाखाली ठेवून येतात, आणि काच पोरांच्या पायात जाते. आधी तसबीर सोडवा. लाकूड चांगलं असेल तर मोल्डिंग नव्या चित्राला वापरता येतं, सागवान असेल तर कुठलाही फ्रेमवाला आनंदानं घेईल. चित्राची छपाई जुनी वाटली, कडेला छापखान्याचं नाव दिसलं, तर निर्णय घेण्याआधी कुणा जाणकाराला दाखवा. साध्या ऑफसेटच्या चित्राला हळद-कुंकू वाहा, बादलीत रात्रभर भिजवा आणि लगदा झाला की झाडाच्या मातीत मिसळा. वरून प्लॅस्टिक चढवलेलं असेल तर ते भिजणार नाही, ते सुक्या कचऱ्यात. काच जाड वर्तमानपत्रात गुंडाळा, वरून दोरी बांधा, मोठ्या अक्षरात ‘काच’ लिहा आणि कचरेवाल्या ताईंच्या हातात सांगून द्या.